‘उच्च गणित मोजक्यांसाठीच’ हा दावा का टिकत नाही

एक मजकूर सध्या बराच फिरतोय. त्याचा आशय असा: सोळा-सतराव्या वर्षी उच्च गणित उपजत डोकं असलेल्यांनाच झेपतं, सगळ्यांना दार उघडलं की दर्जा घसरतो, हुशार मुलं खोळंबतात, आणि बाकीच्यांना त्याचा उपयोगही नसतो.

आधी ‘उपजत डोकं’. लॉस एंजेलिसच्या गारफिल्ड हायस्कूलमध्ये बहुतेक मुलं गरीब, स्थलांतरित घरांतली. हाइमे एस्कालांटे या शिक्षकाची १८ मुलं १९८२ मध्ये महाविद्यालयीन पातळीच्या कॅल्क्युलसच्या परीक्षेला बसली आणि सगळी पास झाली. परीक्षा घेणाऱ्या संस्थेचा विश्वास बसेना. १४ जणांना फेरपरीक्षा द्यायला सांगितलं, १२ जणांनी दिली, बाराही पुन्हा पास. हा चमत्कार नव्हता. एस्कालांटेंनी शाळेत पायाभरणीसाठी कित्येक वर्षं घालवली होती, शाळेच्या वेळेबाहेर शिकवलं होतं. तयारीशिवाय कॅल्क्युलस लादला तर मुलं कोलमडतील, एवढं मात्र त्या मजकुरातलं खरं आहे. पण तो दोष तयारीचा. त्याचं खापर मुलांच्या डोक्यावर का फोडायचं?

दर्जाचं म्हणाल, तर ब्रिटनकडे बघा. तिथे ‘फर्दर मॅथेमॅटिक्स’ हा बारावीच्या तोडीच्या ‘ए-लेव्हल’ परीक्षेतला सर्वांत अवघड गणित विषय. अनेक शाळांत तो शिकवायला माणूसच नसे. २००५ पासून अशा शाळांतल्या मुलांना बाहेरून शिकवणी देण्याची व्यवस्था इंग्लंडभर उभी राहिली. तेव्हा देशभरात सहा हजारांच्या आसपास असलेले परीक्षार्थी दहा वर्षांत पंधरा हजारांच्या घरात गेले. तरी निम्म्याहून अधिक मुलं ‘ए’ किंवा त्यावरची श्रेणी मिळवतच राहिली. अशी मुलं आधीही होती, पण अनेकांच्या शाळेत वर्गच नव्हता. गुणवत्तेची चाळणी म्हणून जी मिरवली जाते, ती बऱ्याचदा शिक्षक असण्या-नसण्याची चाळणी असते, आणि याची मला खरोखर चीड येते.

हुशार मुलं खोळंबतात? बर्कले विद्यापीठात उरी ट्राइझमन यांनी कॅल्क्युलसमध्ये मागे पडणाऱ्या विद्यार्थ्यांना सोपी उजळणी दिली नाही. गटात बसवून नेहमीपेक्षा अवघड गणितं दिली. निकाल स्पष्टपणे सुधारले. वर्ग वाढवायचा तर गणित पातळ करावं लागतं, हे गृहीतकच चुकीचं आहे.

राहिला उपयोग. विद्युत परिपथांत संमिश्र संख्या येतात, यंत्रशिक्षणात (मशीन लर्निंगमध्ये) मॅट्रिक्स, अर्थशास्त्रात कॅल्क्युलस. ज्याच्या शाळेत हे शिकवलंच गेलं नाही, तो हे सारं पदवीच्या पहिल्या सत्रात, परीक्षा तोंडावर असताना, पहिल्यांदा पाहतो.