लीगल एडचा (सरकारी मोफत कायदेशीर मदतीचा) वकील बदलला तरी फी तुम्ही द्यायची नसते: आमच्या सेंटरकडून उत्तर

नमस्कार दादा,

तुम्ही एक स्टार देऊन लिहिलंय, "भावाची केस खानापूरहून बेळगावला गेली, लीगल एडचा वकील बदलला. या झेरॉक्स सेंटरवर सांगितलं की जुन्या वकिलाची फी राहिली असेल तर ते फाईल सोडणार नाहीत आणि नव्याची फी वेगळी लागेल. चार्जशीटचा नवा सेट काढायला लावला, भाषांतराचे पैसे परत घेतले. आम्ही पतसंस्थेतून ५ हजार उचलले. हे लोक वकिलांना मिळालेले आहेत."

उत्तर द्यायला चार दिवस लागले. आधी काउंटरवरच्या मुलाला विचारलं, मग लीगल एडच्या कार्यालयात जाऊन नीट समजून घेतलं. आम्ही कुठल्याही वकिलाकडून पैसा घेत नाही. बाकी तुम्ही लिहिलेलं सगळं खरं आहे. मुलगा तसं बोलला होता. रांगेत उभी माणसं जे बोलतात तेच त्याने तुम्हाला सांगितलं, पण काउंटर माझं आहे, म्हणून चूकही माझीच. जे तिथे चुकीचं सांगितलं गेलं ते इथे, सगळ्यांसमोर, दुरुस्त करते. भावाच्या केसबद्दल मात्र एक अक्षर लिहीत नाही. तो तुमच्या घरचा विषय.

लीगल एडच्या वकिलाला पैसे मिळतात, पण ते तुमच्याकडून नाही. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याखाली तालुक्याला समिती असते, जिल्ह्याला प्राधिकरण. त्यांच्या पॅनेलवरच्या, म्हणजे नेमलेल्या यादीतल्या, वकिलाला राज्याने ठरवलेल्या दरपत्रकाप्रमाणे फी मिळते. वकील झालेल्या कामाचा अहवाल देतो, बिल मंजूर होतं आणि पैसे प्राधिकरण देतं. २०१० च्या राष्ट्रीय नियमांत तर स्पष्ट आहे की ज्याला ही मदत मिळतेय त्याच्याकडून पॅनेलच्या वकिलाने फी किंवा मोलाची कुठलीही वस्तू मागायची नाही आणि कुणी दिली तरी घ्यायची नाही.

आता केस हातातून हातात गेली तर? तुमच्याकडे झालं तसं पुष्कळांकडे होतं. गुन्हा सत्र न्यायालयात चालणारा असला की तालुक्याचं मॅजिस्ट्रेट कोर्ट केस वर पाठवतं आणि तिथे वेगळा वकील नेमला जातो. पहिल्या वकीलसाहेबांनी तालुक्यात जे काम केलं, त्याचा हिशेब त्यांचा आणि समितीचा. तो हिशेब व्हायचा राहिला असेल, बिल अडकलं असेल, तरी ते तुमचं देणं होत नाही. नव्या वकिलाचं कामही प्राधिकरणाच्याच खात्यावर. २०२२ च्या योजनेप्रमाणे जिल्ह्याच्या ठिकाणी पूर्णवेळ बचाव वकिलांची कार्यालयं निघाली आहेत. तिथल्या वकिलांना दरमहा ठरलेलं मानधन असतं आणि खासगी वकिली करायची मुभा नसते. तुमच्या भावाची केस अशा कार्यालयाकडे गेली असेल, तर त्यांच्या बाबतीत दर तारखेच्या फीचा प्रश्नच येत नाही.

कोठडीत किंवा तुरुंगात असलेल्या माणसाला या कायद्याच्या कलम १२ खाली मदत मिळते, त्याच्या घरची कमाई कितीही असो. हे मुद्दाम लिहिते, कारण हिंडलग्याच्या तुरुंगात भेटीला जाऊन आलेल्या बायका इथे येऊन हळूच विचारतात, "रेशन कार्ड पिवळं नाही, मग वकील मिळेल का?" मिळेल.

फाईलचं म्हणाल तर "फी राहिली तर फाईल देणार नाहीत" हे खासगी वकिलालाही चालत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००० सालीच सांगितलंय की फी थकली म्हणून वकिलाला पक्षकाराचे कागद अडवून ठेवता येत नाहीत. थकबाकी मागायची तर त्याने कायद्याने वेगळी मागावी. जुन्या वकिलाचं वकीलपत्र कोर्टात असेल तर नव्याला त्याची संमती किंवा कोर्टाची परवानगी लागते, हेही खरं आहे. लोक याला एनओसी म्हणतात, आणि बहुतेक त्यावरूनच "आधी जुन्याचे पैसे मिटवा" ही समजूत पसरली असावी.

चार्जशीटचा सेट तर तुम्ही काढायलाच नको होता. पोलिसांच्या दोषारोपपत्राची आणि सोबतच्या कागदांची प्रत आरोपीला फुकट द्यायची असते, पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम २०७ होतं, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम २३०. ती प्रत जुन्या वकीलसाहेबांच्या फाईलमध्येच होती. त्यांच्याकडून ती नव्या वकिलाकडे जायला हवी होती. आमच्या मशीनवरून ती ८६ पानं निघायचं कारणच नव्हतं. फुकट मिळते ती मूळ कागदांची प्रत, म्हणजे आपल्याकडे कानडीतली. मराठीत करून घ्यायला तुम्ही आमच्याकडे आलात, त्याचे पहिल्या वेळचे पैसे आम्ही योग्यच घेतले असं मला वाटतं, त्यात तीन संध्याकाळी गेल्या होत्या. पण दुसऱ्या वेळी तेच भाषांतर आमच्या कॉम्प्युटरमध्ये होतं. नुसती प्रिंट काढून पानाला पूर्ण दर लावला गेला, हे चुकलंच.

अजून एक गोष्ट, आपल्या सीमाभागातली. कोर्टाच्या आवारातल्या कानडी पाटीवर मदतीच्या आधी "उचित" असा शब्द असतो. कानडीत उचित म्हणजे फुकट. आपला मराठी माणूस कुणाकडून तरी ती पाटी वाचून घेतो आणि समजतो, योग्य ती मदत मिळेल, पैशाचं नंतर बघू. गेल्या वर्षी निपाणीकडच्या एका आजींनी हेच ऐकून पदराच्या गाठीतून शंभराच्या नोटा काढून आमच्या काउंटरवर ठेवल्या होत्या, "वकीलसाहेबांना द्या" म्हणून. त्यांना समजावून परत पाठवलं. त्याच काउंटरवर तुम्हाला उलटं सांगितलं गेलं, हे मला फार लागलं आहे.

तुम्ही ते ५ हजार अजून कुणाला दिले नसतील तर देऊ नका, पतसंस्थेत परत भरा. कुणी घेतले असतील तर जिल्हा प्राधिकरणाच्या सचिवांच्या नावे अर्ज करा. अर्ज मी स्वतः कानडीत टाईप करून देईन, पैसे घेणार नाही. १५१०० या नंबरवर फोन करूनही विचारता येतं, तो फोन फुकट आहे.

काउंटरमागे कालपासून मराठी-कानडी दोन्हींत कागद लावला आहे: लीगल एडची केस असेल तर वकील बदलला तरी फी द्यायची नाही, आणि नवा सेट काढण्याआधी जुनी फाईल मागून घ्या. मुलाला मी समोर बसवून हे सगळं वाचून दाखवलं आहे.

दुसऱ्या सेटच्या झेरॉक्सचे आणि दुसऱ्या वेळच्या भाषांतराचे सगळे पैसे पाकिटात घालून ठेवले आहेत. सकाळी दहा ते संध्याकाळी सहा कधीही या. रविवारी बंद असतं. त्या दिवशी आम्ही पावती दिली नव्हती, त्यामुळे पावती आणायची गरज नाही.