‘40 टक्के फास्ट पीसी’चा मेसेज पुढे पाठवू नका

‘साधा ब्रँडेड डेस्कटॉप 10 मिनिटांत 40 टक्के फास्ट! बायोसला हात लावू नका. अँटिव्हायरस बंद करा, खालच्या लिंकवरचं सॉफ्टवेअर टाका, एमएसकॉन्फिगमध्ये सगळे कोअर चालू करा.’ ऐरोलीतल्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवरून हा मेसेज माझ्या भाचीपर्यंत पोचला. म्हणजे बायोस (पीसी सुरू होताना चालणारी मूळ सेटिंग) न उघडता ओव्हरक्लॉकिंग करायचं, प्रोसेसर कारखान्याने ठरवलेल्या वेगापेक्षा जास्त पळवायचा. "मावशी, टाकू का?" म्हणून तिने विचारलं. त्याच पीसीवर ताईचं नेटबँकिंग चालतं. नको, नको आणि नको!

आधी ते 40 टक्के. भाचीच्या पीसीत इंटेलचा आय-थ्री 12100 प्रोसेसर आणि एच610 चिपसेटचा (सगळे भाग जोडणाऱ्या चिपचा) मदरबोर्ड आहे. हा प्रोसेसर गरज पडली की आपणहून 4.3 गिगाहर्ट्झ वेगापर्यंत जातो. त्यात 40 टक्के मिळवले की झाले 6. कारखान्यातूनच 6 गिगाहर्ट्झ गाठणारा इंटेलचा पहिला डेस्कटॉप प्रोसेसर 2023 मध्ये आला, तोही आय-नाइन, सगळ्यात महागातला. इंटेल स्वतः सांगते की मल्टिप्लायर, म्हणजे वेग ठरवणारा गुणक, खुला असतो तो ‘के’सारखं अक्षर शेवटी असलेल्या प्रोसेसरचा, आणि तो वाढवायला झेड मालिकेतला चिपसेट लागतो. भाचीकडे दोन्ही नाही. इंटेलच्याच एक्सटीयू या ओव्हरक्लॉकिंगच्या सॉफ्टवेअरने जे कुलूप उघडत नाही, ते कुठल्यातरी लिंकवरच्या फाइलने कसं उघडेल?

एमएसकॉन्फिग या विंडोजमधल्या सेटिंगचं तर बोलायलाच नको. विंडोज सगळे कोअर, म्हणजे प्रोसेसरमधले काम करणारे भाग, मुळातच वापरते. तो पर्याय चाचणीसाठी कोअर कमी करायला दिलेला आहे.

सॉफ्टवेअरने ओव्हरक्लॉकिंग होतच नाही असं मात्र मी म्हणणार नाही. वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर एमएसआय आफ्टरबर्नर या सॉफ्टवेअरने त्याचा क्लॉक, म्हणजे वेग, थोडा चढतो. एएमडी कंपनीचा रायझन प्रोसेसर बी450 किंवा बी550 चिपसेटच्या बोर्डवर असेल तर तिचं रायझन मास्टर सॉफ्टवेअर विंडोजमधूनच काम करतं. पण व्होल्टेज वाढवलं की उष्णता क्लॉकपेक्षा भराभर वाढते, आणि ब्रँडेड पीसीतला छोटा पंखा नि मोजकाच पॉवर सप्लाय नवी मुंबईच्या मे महिन्यात आधीच दमलेला असतो. पीसी रखडत असेल तर हार्ड डिस्क काढून तिच्याहून वेगवान एसएसडी घाला, रॅमची एकच पट्टी असेल तर दुसरी लावा.

माझा खरा राग आहे तो ‘अँटिव्हायरस बंद करा’ या ओळीवर. 2022 मध्ये सायबल या सायबर सुरक्षा कंपनीने आफ्टरबर्नरच्या नकली वेबसाइट उघड केल्या होत्या. तिथून उतरवलेल्या फाइलमधून खरं आफ्टरबर्नरही बसायचं, त्यामुळे माणसाला शंका येत नसे. सोबत दोन गोष्टी गुपचूप शिरायच्या: तुमच्या विजेवर दुसऱ्यासाठी क्रिप्टो चलन खणणारा मायनर प्रोग्राम, आणि ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड उचलणारा रेडलाइन नावाचा चोर प्रोग्राम. अशा फाइल अँटिव्हायरस चालू असतानाही निसटतात. इथे तर राखणदारालाच घरी पाठवायला सांगताहेत, आणि तेही बनवणाऱ्याचं नाव नसलेल्या, आखूड केलेल्या लिंकसाठी! ही लिंक कुणाच्या घरात काय सोडेल, याचा विचार पुढे ढकलणाऱ्या एकानेही केला नाही.

ज्यांनी ती फाइल चालवली आहे त्यांनी पीसीचं इंटरनेट आत्ता तोडा. पासवर्ड त्या पीसीवरून बदलू नका, दुसऱ्या फोनवरून बदला. आधी ईमेलचा, मग बँकेचा. पीसीवर विंडोज नव्याने टाकून घ्या. खात्यातून पैसे गेले असतील तर ताबडतोब 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा आणि बँकेलाही कळवा.