हजर सर

गेल्या वर्षी इंजिनिअरिंगच्या फर्स्ट इयरला गणिताच्या वर्गात हजेरी घेताना एक मुलगा "हजर सर" म्हणाला. वर्ग हसला. खरं सांगायचं तर मीही हसलो. पुढचा रोल नंबर पुकारला आणि विसरून गेलो.

महिन्याने कमी हजेरीवाल्यांची डिफॉल्टर लिस्ट लावायची वेळ आली तर त्यात हा पोरगा. पण मला तर तो रोज दिसायचा, खिडकीजवळच्या चौथ्या बाकावर! केबिनमध्ये बोलावलं. खुर्चीच्या कडेला टेकल्यासारखा बसला. बराच वेळ बॅगेच्या पट्ट्याशी चाळा करत राहिला आणि म्हणाला, "असतो सर मी वर्गात. फक्त ओ देत नाही."

बारावीनंतर गावात याचा फ्लेक्स लागला होता. दहावीपर्यंत मराठी माध्यम. पुढे सायन्सची पुस्तकं इंग्रजी, पण समजावणारे सर मराठीत समजावायचे. इथे आला तोही कॅपच्या, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या, शेवटच्या फेरीतून. तोवर ग्रुप जमलेले, बाकं वाटली गेलेली, मॅट्रिक्सचं युनिट निम्मं संपलेलं.

नव्या मुलांना रुळायला मदत व्हावी म्हणून एआयसीटीईचा, म्हणजे तंत्रशिक्षण परिषदेचा, तीन आठवड्यांचा इंडक्शन प्रोग्राम आहे. यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, 2019 मध्ये त्याच धर्तीवर 'दीक्षारंभ' आणलं. कल्पना उत्तम, कागदावर मेंटरसुद्धा आहेत. आमच्याकडे त्याची भाषणं झाली. 'कम्फर्ट झोन सोडा' म्हणे! घर सोडून हॉस्टेलवर आलेल्या पोराने आणखी काय सोडायचं? आणि शेवटच्या फेरीची मुलं येईपर्यंत हे सगळं आटोपलेलं असतं. म्हणजे ज्यांना गरज जास्त, तीच नेमकी बाहेर.

आत्मविश्वास भाषणाने येत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. एखादी गोष्ट आपल्याला जमते आणि ती चारचौघांनी पाहिली, की तो येतो. या मुलाला मॅट्रिक्सची रँक झटकन काढता यायची, एकही पायरी न गाळता. मी हॉस्टेलमधली चार पोरं त्याच्याकडे पाठवली, "याच्याकडून समजून घ्या" म्हणून. तो मराठीत शिकवायचा, शब्द तेवढे इंग्रजी. दिवाळीपर्यंत चाराची नऊ झाली. (केमिस्ट्रीत एटीकेटी लागलीच. चमत्कार वगैरे काही झाला नाही.)

प्रत्येकाचं एवढ्यावर भागतं असं नाही. कुणी जेवण टाकलं, झोप उडाली, खोलीबाहेर पडेना, तर गणिताच्या मास्तराने शहाणपणा करू नये. समुपदेशकाकडे न्यावं. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 नंबर चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलता येतं.

यंदाची शेवटची फेरी झाली. सोमवारी एकवीस मुलं येतायत. सेकंड इयरच्या सात जणांना तीन-तीन वाटून दिलीत: मेस दाखवा, मागच्या नोट्स द्या, पहिला आठवडा शेजारी बसा. सातांत तोही आहे. मी नावांचे उच्चार पाठ करतोय. दोन आडनावं अजून नीट वाचता येत नाहीयेत, ती त्यांनाच विचारणार आहे.