ई-इंकवर मराठी मोडत नाही, सेटिंग करायचं राहून जातं

आमच्या वाचकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मजकूर पुन्हा पुन्हा येतोय: ‘अँड्रॉइडवालं ई-इंक घेऊ नका. मराठी जोडाक्षरं फुटतात, मागच्या पानाचं भूत उरतं, चार्जिंग दोन दिवस टिकत नाही, आणि ॲप कुठलंही टाका, फरक शून्य.’ ई-इंक म्हणजे कागदासारखा दिसणारा, पुस्तकं वाचायच्या यंत्राचा पडदा, आणि भूत म्हणजे त्यावर उरलेली मागच्या पानाची पुसट छाया. हा मजकूर वाचून अमळनेरचे दोघं जण नवंकोरं यंत्र परत पाठवायला निघालेत. माझ्या घरी असं यंत्र दीड वर्ष रोज वापरात आहे, म्हणून हे लिहायलाच हवं होतं.

आधी जोडाक्षरं. तक्रार खोटी नाही, मलाही तसंच दिसलं होतं. ‘विद्यार्थी’मधला रफार उतरून ‘र्’ म्हणून वेगळा उभा, आणि पहिली वेलांटी ‘व’च्या उजवीकडे. पण तो दोष पडद्याचा नव्हता, अक्षरं जुळवणाऱ्या ॲपचा होता. कोरीडर (KOReader) या पुस्तकं वाचायच्या मोफत ॲपमध्ये ‘फॉन्ट केर्निंग’ हा पर्याय ‘बेस्ट’वर ठेवा. मग अक्षरजुळणी पूर्णपणे हार्फबझ या त्याच कामाच्या सॉफ्टवेअरकडे जाते आणि जोडाक्षरं जागेवर येतात. त्याच्याच फॉन्ट्सच्या फोल्डरमध्ये ‘एक टाइप’ या संस्थेचा मुक्ता किंवा आयआयटी मुंबईचा शोभिका हा फॉन्ट टाका. दोन्ही फुकट आहेत. आमच्या आप्पांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय. त्यांच्यासाठी मुक्ता जरा जाड करून, ओळींमधलं अंतर वाढवून दिलं, तर ओसरीवर बसल्या बसल्या म्हणाले, “आते बेस दिखस!”

खरा तिढा जुन्या पीडीएफचा आहे. श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टांत जुळवलेल्या पुस्तकातला मजकूर ॲपने उचलायचा प्रयत्न केला की देवनागरीऐवजी भलतीच रोमन अक्षरं येतात. कोरीडरचं ‘रिफ्लो’ अक्षरं ओळखायच्या भानगडीतच पडत नाही. ते पानाच्या चित्रातून एकेक शब्द कापून नव्या ओळी रचतं, त्यामुळे स्कॅन केलेलं पुस्तकही सहा इंची पडद्यावर मोठ्या अक्षरांत वाचता येतं. पान फिकट असेल तर तिथेच काँट्रास्ट वाढवायचा. साने गुरुजींचं लेखन 2011 पासून कॉपीराइटमुक्त आहे. त्यांच्या जुन्या आवृत्तीचे स्कॅन आम्ही असेच वाचतो, आणि ज्या अमळनेरात ते मास्तर होते तिथल्याच माणसांनी यंत्र परत करावं याचं मला मनापासून वाईट वाटतं.

भुताचं अर्धं मान्य. या पडद्यात काळे-पांढरे कण विजेच्या दाबाने वरखाली होतात, आणि घाईने हलवले तर थोडे मागे राहतात. वेगवान मोडमध्ये हेच होतं. तो मोड सरकवण्यासाठी आहे, वाचण्यासाठी नाही. बूक्स (Boox) कंपनीच्या यंत्रांसारख्या अँड्रॉइड यंत्रात प्रत्येक ॲपला वेगळा मोड देता येतो. पुस्तकाला साधा मोड द्या, पान उलटण्याचं ॲनिमेशन बंद करा, दर सहा-आठ पानांनी पूर्ण रिफ्रेश लावा, म्हणजे पडदा पुसून नव्याने उमटतो. बातम्या बोटाने सरकवत वाचू नका. ई-इंकब्रो (EinkBro) ब्राउझर बटणावर पानागणिक पुढे जातो, तो वापरा.

चार्जिंगचं म्हणाल तर स्थिर पान दाखवायला या पडद्याला वीज लागतच नाही. वीज खातात वायफाय, मागे चालू राहिलेली ॲप्स आणि पुढचा दिवा. वायफाय बंद ठेवून रोज तासभर वाचलं तर आमच्याकडे आठवडा निघतो. मे महिन्यात दुपारी लाईट गेली की फोन तापतो, उन्हात त्याचा पडदा दिसेनासा होतो. हे मात्र उजेड जितका जास्त तितकं स्वच्छ दिसतं, दिव्याची गरजच नाही.

म्हणजे ॲपने फरक पडतो, आणि भरपूर पडतो.

एक गोष्ट त्या मजकुरात नाही, ती मीच सांगतो. ॲमेझॉनच्या किंडलवर मराठी पुस्तकं डिसेंबर 2016 पासून मिळतात. ज्यांना तेवढीच वाचायची आहेत त्यांनी किंडलच घ्यावं, तिथे काही जुळवावं लागत नाही. ज्यांच्याकडे स्कॅन, जुन्या पीडीएफ आणि दिवाळी अंकांचे ढीग आहेत, त्यांनी यंत्र परत पाठवण्याआधी रविवारची एक दुपार वर सांगितलेल्या सेटिंगला द्यावी. अमळनेरच्या दोघांकडे मी स्वतः येतो. कुठली फाईल फुटते तेवढी काढून ठेवा.