खुलासा : मागच्या ब्रेकमध्ये स्प्रे मारू नये

‘जुन्या गाडीचा मागचा ब्रेक करकरत असेल किंवा जाम होत असेल, तर ड्रममध्ये (चाकाबरोबर फिरणाऱ्या ब्रेकच्या गोल डब्यात) गंज सोडवणारा स्प्रे मारा,’ असा सल्ला सध्या फिरत आहे. तो धोकादायक आहे. लायनरला, म्हणजे ड्रमला आतून घासून चाक थांबवणाऱ्या थराला, स्प्रेमधले तेल लागले की आवाज थांबतो हे खरे, पण पकडही जाते आणि तेल मुरलेले लायनर बदलण्यावाचून गत्यंतर नसते.

मारुती ८०० सारख्या, मागे ड्रम ब्रेक असलेल्या गाडीत दोष शोधताना पुढच्या चाकांना दगड लावून मागचे चाक जॅकवर उचलावे आणि हँडब्रेक सोडून ते हाताने फिरवावे. चाक जड असेल, तर ब्लीडर निपल (ब्रेकमधली हवा काढण्याचा छोटा स्क्रू) किंचित सैल करावा : ब्रेक ऑइल बाहेर येऊन चाक मोकळे झाल्यास दाब ऑइलच्या लाइनमध्येच अडकत असून, रबरी होज (ऑइलची नळी) आतून फुगल्याचा संशय घ्यावा, तरीही चाक अडल्यास हँडब्रेकची केबल, शूच्या (लायनर बसवलेल्या कमानींच्या) स्प्रिंगा आणि शू ढकलणारा व्हील सिलिंडर तपासावेत. (निपल उघडला की नंतर लाइनमध्ये शिरलेली हवा (एअर) काढणे आलेच.)

पावसाळ्यात रात्रभर हँडब्रेक ओढलेल्या गाडीचे लायनर ड्रमला चिकटून सकाळी ‘खट्’ आवाज करून सुटते. तेवढ्यावरून मात्र ड्रम खोलण्याची गरज नसते.