होस्टिंग बदललं की वेबसाइट ‘बसते’? फिरत्या मेसेजला उत्तर

सांगलीतल्या व्यापाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज पुन्हा पुन्हा फिरतोय. सुरुवात नेहमीचीच, ‘व्यापारी बंधूंनो, सावधान’. पुढचं म्हणणं थोडक्यात असं: वेबसाइटचं होस्टिंग, म्हणजे साइट ठेवायची जागा, दुसऱ्या कंपनीकडे नेलं की साइट दोन दिवस बंद पडते, गूगलवर शोधताना मिळणारा वरचा नंबर जातो, जुने ईमेल पुसले जातात, डोमेन (साइटचं नाव) आणि एसएसएल (साइट सुरक्षित असल्याचं सर्टिफिकेट) नव्याने विकत घ्यावं लागतं, तेव्हा रिन्यूअलला कंपनी मागेल ते भरा आणि आहे तिथेच राहा. मार्केट यार्डातले हळद-बेदाण्याचे अडते असोत की कुपवाड एमआयडीसीतले वर्कशॉपवाले, सगळ्यांपर्यंत तो पोचलाय. वेबसाइटची कामं करणाऱ्या माझ्यासारख्याला प्रत्येकाला वेगळं उत्तर देत बसण्यापेक्षा एकदाच लिहिलेलं बरं.

मेसेजातले अपघात होतात, नाही असं नाही. पण ते होतात कामाचा क्रम चुकल्यामुळे आणि किल्ल्या, म्हणजे खाती आणि पासवर्ड, मालकाच्या हातात नसल्यामुळे.

डोमेन-एसएसएलचा मुद्दा आधी घेतो, कारण तिथला घोळ मिटला की बाकीचं सोपं जातं. डोमेन म्हणजे तुमचं नाव, होस्टिंग म्हणजे फाइली ठेवलेला सर्व्हर, आणि डीएनएस म्हणजे ‘हे नाव त्या सर्व्हरवर आहे’ ही नोंद. या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. एकाच कंपनीकडून एकाच बिलात घेतल्या म्हणून एक वाटतात. होस्टिंग हलवताना डोमेन हलवायची गरजच नाही, फक्त नोंद बदलायची. एसएसएलचं म्हणाल तर लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेचं सर्टिफिकेट फुकट मिळतं, 90 दिवस चालतं आणि बहुतेक होस्टिंगवर आपोआप नवं होतं. डॉटकॉमसारखं डोमेन दुसरीकडे हलवायचं ही वेगळी प्रक्रिया आहे, तिला नोंदणीनंतर 60 दिवस थांबायची अट असते. इथे त्या वाटेला जायचं कारण नाही.

खरी अडचण मेसेजात कुठेच नाही. साइट करून दिलेला पोरगा नोकरीला पुण्याला गेला, नंबर बदलला, आणि डोमेन त्याच्या जीमेलवर. ओटीपी त्याच्याच मोबाइलवर. दुकानाची पाटी दुसऱ्याच्या नावावर! होस्टिंग बदला की नका बदलू, डोमेनच्या खात्यात कुणाचा ईमेल आणि कुणाचा मोबाइल आहे ते आजच बघून घ्या.

आता ‘दोन दिवस बंद’. हा आकडा हवेतून आलेला नाही. डॉटकॉम डोमेनचे नेमसर्व्हर, म्हणजे डीएनएसच्या नोंदी ठेवणारे सर्व्हर, कुठले, ही माहिती जगभरचे सर्व्हर 172800 सेकंदांपर्यंत, म्हणजे 48 तास, लक्षात ठेवू शकतात. पण त्या काळात होतं काय, तर काही लोकांना जुना सर्व्हर दिसतो, काहींना नवा. दोन्हीकडे साइट चालू असेल तर गिऱ्हाइकाला पत्ताही लागत नाही. साइट बंद दिसते ती जुनं होस्टिंग त्याच दिवशी रद्द केलं तर. दोनपाचशे रुपये वाचवायला लोक हेच करतात.

शिवाय नेमसर्व्हरला हात न लावताही काम होतं. डीएनएस जिथे आहे तिथेच ठेवायचं आणि फक्त ए रेकॉर्डमधला, म्हणजे साइटच्या सर्व्हरच्या नोंदीतला, आयपी (सर्व्हरचा आकड्यांतला पत्ता) बदलायचा. त्या रेकॉर्डला टीटीएल असतो, म्हणजे ही नोंद बाकीच्यांनी किती सेकंद लक्षात ठेवायची तो आकडा. बऱ्याच ठिकाणी तो 14400, म्हणजे चार तास दिसेल. आदल्या दिवशी तो 300 करून ठेवला की दुसऱ्या दिवशी बदल साधारण पाच मिनिटांत लागू होतो. आणि बदलायच्या आधी नवी साइट तपासायची असेल तर आपल्या कॉम्प्युटरच्या होस्ट्स फाइलमध्ये (डीएनएसच्या आधी कॉम्प्युटर जिथे पत्ता बघतो ती फाइल) नवा आयपी आणि डोमेनचं नाव अशी एक ओळ टाकायची. मग फक्त तुमच्या मशीनवर नवा सर्व्हर उघडतो, बाकी जगाला जुनाच. मराठी साइट असेल तर ही तपासणी टाळूच नका. डेटाबेस, म्हणजे साइटवरचा मजकूर आणि ऑर्डरी जिथे साठतात तो भाग, नेताना अक्षरांचं एन्कोडिंग (अक्षरं साठवायची पद्धत) चुकलं तर ‘राजापुरी हळद’ असं लिहिलेलं ‘???????? ???’ होऊन बसतं. प्रश्नचिन्हं तशीच सेव्ह झाली की त्यातून अक्षरं परत मिळत नाहीत, मूळ बॅकअपच काढावा लागतो.

‘गूगलवरचा नंबर जातो.’ पत्ते तेच राहून फक्त सर्व्हर बदलत असेल, तर कसं करायचं याची माहिती खुद्द गूगलनेच दिली आहे. गूगलबॉटच्या, म्हणजे पानं वाचत फिरणाऱ्या गूगलच्या प्रोग्रॅमच्या, फेऱ्या थोडे दिवस कमी-जास्त होतात, मग पूर्ववत होतात. नंबर जातो तो दोन भानगडींनी. एक: नवी प्रत तयार करताना वर्डप्रेसच्या (साइट बनवायच्या सॉफ्टवेअरच्या) सेटिंगमध्ये ‘सर्च इंजिनांनी नोंद घेऊ नये’ या अर्थाच्या चौकटीत टिक केलेली असते आणि साइट चालू केल्यावर ती काढायची राहते. दुसरी भानगड जास्त छुपी. आतल्या पानांचे पत्ते चालवणारी डॉट-एचटीॲक्सेस नावाची फाइल टिंबाने सुरू होते, म्हणून फाइल मॅनेजरमध्ये लपलेली असते आणि कॉपी करताना मागे राहते. मुखपृष्ठ झकास उघडतं, मालक खूश. आतलं एकेक पान मात्र 404, म्हणजे ‘पान सापडत नाही’. गूगल येतं, पानं नाहीत म्हणून नोंद करून जातं, आणि महिन्याभराने मालक म्हणतो, होस्टिंग बदललं म्हणून नंबर गेला.

ईमेलच्या बाबतीत मेसेज निम्मा खरा आहे, म्हणून इथे जरा थांबतो. मेल गूगल किंवा झोहोसारख्या मेल कंपनीकडे असतील तर होस्टिंगशी त्यांचा संबंध नाही, फक्त एमएक्स रेकॉर्ड (मेल कुठल्या सर्व्हरवर द्यायचे ही डीएनएसमधली नोंद) आहे तसा राहिला पाहिजे. नेमसर्व्हर बदलताना तो नव्या जागी उतरवायचा राहिला की सगळं फसतं. सर्व्हर नुसता बंद असता तर पाठवणाऱ्याच्या सर्व्हरने पुन्हा पुन्हा प्रयत्न केला असता. पण नवा सर्व्हर ‘असा पत्ताच इथे नाही’ म्हणून उत्तर देतो आणि मेल तत्काळ परत जातो. मेल होस्टिंगवरच असतील तर नव्या सर्व्हरवर आधी तीच खाती उघडायची आणि आयमॅपने, म्हणजे सर्व्हरवरचे मेल वाचायच्या-हलवायच्या पद्धतीने, जुने मेल ओढून घ्यायचे. हे न करता आउटलुक नव्या सर्व्हरला जोडलं की इनबॉक्स रिकामा दिसतो. मेल जुन्या सर्व्हरवर शाबूत असतात, ते होस्टिंग बंद होईपर्यंत.

आणि डीएनएसमधली एसपीएफ ही नोंद विसरू नका. तुमच्या वतीने कुठला सर्व्हर मेल पाठवू शकतो ते त्यात लिहिलेलं असतं. जुनाच आयपी राहिला तर कोटेशन थेट स्पॅममध्ये. फेब्रुवारी 2024 पासून जीमेल याबाबत कडक झालंय.

मेसेज लिहिणाऱ्याला जे घाबरवायचं होतं ते घाबरवून झालं, पण ज्याने खरंच पैसे अडकतात ते त्याने लिहिलंच नाही: ऑर्डरी. साइटवर ऑनलाइन विक्री असेल तर डेटाबेसची प्रत काढल्यापासून नोंद बदलेपर्यंत आलेली ऑर्डर जुन्या डेटाबेसमध्ये पडते. पैसे खात्यात जमा, नव्या साइटवर ऑर्डरचा पत्ता नाही. त्यामुळे तेवढा वेळ ऑर्डर घेणं मुद्दाम थांबवायचं, रात्री उशिरा, आणि मगच शेवटची प्रत काढायची. एसएमएसवाल्याकडे किंवा पेमेंट गेटवेकडे जुना आयपी नोंदवलेला असेल तर तोही आधी बदलून घ्यायचा. हळदीचे सौदे जोरात असताना तर असल्या कामाला हातच घालू नका, पावसाळ्यात निवांत करा.

राहता राहिला ‘आहे तिथेच राहा’ हा सल्ला. साइट वेगात उघडते, फोन केला तर कुणी उचलतं, बॅकअप मिळतो, मग राहा की. उगाच बदलायची हौस कशाला? पण पहिल्या वर्षी स्वस्त आणि रिन्यूअलला भाव चढा, हा या धंद्यातला नेहमीचा प्रकार आहे. नव्या कंपनीचाही पहिल्या वर्षाचा भाव बघू नका, दुसऱ्या वर्षाचा विचारा. तिची ‘फ्री मायग्रेशन’ (साइट फुकट हलवून देण्याची सेवा) घ्यायला हरकत नाही, फक्त त्यात ईमेल धरलेत का ते लेखी मागा. बहुधा फाइली आणि डेटाबेस एवढंच असतं.

जुन्या होस्टिंगची मुदत संपायला महिनाभर असताना काम सुरू करा. नव्यावर सगळं सुरळीत झाल्यावरही जुनं दोन आठवडे राहू द्या. त्याचं ऑटो-रिन्यूअल मात्र आधीच बंद करा, आणि खातं बंद करण्यापूर्वी पूर्ण बॅकअप डाउनलोड करून पेन ड्राइव्हवर घ्या.