‘सिस्टर काय, फक्त सुई टोचते’ म्हणणाऱ्या फॉरवर्डला उत्तर

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर आला, मग मामाकडच्या ग्रुपवर पण तोच मेसेज, तुमच्याकडेही आला असेलच. म्हणणं असं की घरोघर फिरणाऱ्या नर्सबाया म्हणजे डॉक्टरच्या हेल्पर, सुई टोचायची न रजिस्टर भरायचं, नागपुरात मेडिकल, मेयो, डागा असे मोठे सरकारी दवाखाने सगळे आहेत, डॉक्टर आता मोबाईलवरही भेटते, मग यांच्यावर सरकारचा पैसा काहून?

पहिले तर मेसेजवाल्यानं आशा न एएनएम एकच करून टाकल्या. आशाताई वस्तीतलीच बाई, तिला पगार नाही, कामाचा मोबदला भेटते. एएनएम म्हणजे 2 वर्षांचा कोर्स करून नर्सिंग कौन्सिलकडे रजिस्टर झालेली सिस्टर. नावं कोणाला ठेवतो ते तरी पाहून घ्या ना बाप्पा.

आता सुई. मे महिन्यात बाहेर 45 डिग्री असताना अंगणवाडीत लसीकरण चालू असते, तेव्हा एकदा सिस्टरच्या हाताकडे पाहा. लस बाहेर काढली की ती आधी बाटलीवरचा गोल पाहते, त्याच्या आतला चौकोन गोलाइतकाच गडद झाला म्हणजे गरमीनं लस गेली, वापरायची नाही. बीसीजी (टीबीची लस) न गोवर-रुबेलाची बाटली एकदा सोबतचं द्रावण मिसळून तयार केली की 4 तासांच्या वर चालत नाही, मग पोरं दोनच आली असली तरी उरलेली फेकायची. टोचल्यावर आईला अर्धा तास बसवून ठेवायचं (आई घाईत असते, भांडते पण), ताप आला तर काय करायचं, पुढची तारीख कोणती, कार्ड हरवू नको, हे प्रत्येकीला वेगळं सांगायचं. यात सुई टोचायला किती सेकंद लागले ते मोजा.

मोठे दवाखाने आहेत, हो आहेत, अन् डिलिव्हरी तिथंच व्हावी यात वादच नाही. पण बाळंतीण दोन-तीन दिवसांत घरी जाते, कळमन्याला नाहीतर हिंगण्याला, आणि बाळाला खरा धोका पहिल्याच महिन्यात असते. बाळ दूध ओढते का, श्वास घेताना छाती आत जाते का, अंग थंड पडलं का, हे पाहायला वॉर्डातला डॉक्टर त्या खोलीत येणार आहे का? आपल्या शेजारच्या गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गावातल्याच बायांना शिकवून घरी जाऊन बाळं तपासायला लावली, नवजात मृत्युदर 62 टक्क्यांनी कमी झाला, 1999 मध्ये लॅन्सेट नावाच्या मेडिकल जर्नलमध्ये छापून आलं ते. त्या तर नर्सही नव्हत्या. आता त्याच धर्तीवर दवाखान्यात जन्मलेल्या बाळाकडे आशा 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी जाते, आणि काही गडबड दिसली की पहिला फोन सिस्टरलाच लावते.

मोबाईलवरच्या डॉक्टरचं म्हणाल तर त्याला फोन लावणारा माणूस पाहिजे ना. बीपी वाढलं तरी बऱ्याचदा काहीच दुखत नाही, मग फोन कोण लावते? सिकलसेल घ्या, आईबापाकडून पोराला येणारा रक्ताचा आजार, आपल्या विदर्भातलाच. गरोदर बाईचं रक्त तपासणं सोपं, पण ती वाहक निघाली (म्हणजे तिला स्वतःला आजार नाही, पण तिच्याकडून बाळाकडे जाऊ शकते) की अवघड काम पुढं आहे, नवऱ्याला तपासायला आणणं. तो म्हणते मला काय धाड भरली? दोघंही वाहक असले तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार व्हायची शक्यता 25 टक्के, हे त्याला ओट्यावर बसून, सासूदेखत, न चिडता समजावते ती सिस्टरच. लोहाच्या गोळ्यांचंही तेच, वाटल्या म्हणजे पोटात गेल्या असं थोडीच आहे, शौच काळी झाली की अर्ध्या बाया घाबरून बंदच करतात, मग चहासोबत नको, कॅल्शियमच्या गोळीसोबत नको, हे सांगत बसावं लागते.

एक मात्र मेसेजमध्ये खरं आहे, रजिस्टर. सिस्टरचा लई वेळ त्यातच जाते, तेच रजिस्टरमध्ये लिहा, तेच ॲपमध्ये टाका. पण ते काम तिनं मागितलेलं नाही. नियमानं उपकेंद्राला (सिस्टर बसते ते गावातलं छोटं सरकारी आरोग्य केंद्र) सपाट भागात 5000 लोकसंख्या धरली आहे अन् शहरात एका एएनएमकडे साधारण 10000, मग एवढ्या लोकांकडे पाहायचं की लिहीत बसायचं? पैसा वाचवायचाच असेल तर आधी हे डबल लिहिणं बंद करा अन् तेवढे तास तिला वस्तीत फिरू द्या.